काळ्याचा फोटो

पंचवटीतल्या आमच्या जुन्या घरात कुत्रा होता तो फक्त दत्ताच्या तसबिरीत. चार होते, दत्ताच्या पायाशी. आजी दर गुरुवारी तसबीर पुसायची तेव्हा त्यांच्या नाकांवरूनही फडकं फिरवायची. खऱ्या कुत्र्याला मात्र उंबऱ्याच्या आत मज्जाव. त्या घरातली मुलगी आज इंग्लंडमध्ये लीड्सला राहून कुटुंबांचे आणि त्यांच्या कुत्र्यांचे फोटो काढून पोट भरते, हे नाशिकला अजून पचलेलं नाही. दिवाळीला आले की कुणीतरी विचारतंच, "अगं, पण मग इंजिनिअरिंगचं काय केलंस?"

गेल्या महिन्यात एका म्हाताऱ्या गृहस्थांचा फोन आला. शुक्रवारी डॉक्टर घरी येणार आहेत, तर गुरुवारी जमेल का, एवढंच त्यांनी विचारलं. कुत्र्यांचे डॉक्टर असे घरी येतात ते म्हाताऱ्या कुत्र्याला कायमचं झोपवायला, इथे ते वेगळं सांगावं लागत नाही. या कामात अशी बोलावणी येतात. पैशांचं मी बोलले नाही.

राउंडहे पार्कमधल्या तळ्याकाठी भेटलो. काळी लॅब्रॅडॉर, तेरा वर्षांची. मागचे पाय गेलेले, म्हणून आजोबांनी तिच्या पोटाखालून टॉवेल घालून दोन्ही टोकं वर धरली होती आणि तशीच तिला गाडीपासून गवतापर्यंत चालवत आणली. खिशातून फॉइलची पुडी काढली. आत सॉसेजचे तुकडे, नखाएवढे. ती एकेक तुकडा ओठांनी उचलायची, दात लागू न देता.

काळ्या कुत्र्याचा फोटो काढणं सोपं नसतं. कॅमेरा समोरचं सगळं मधल्या राखाडी रंगाचं आहे असं धरून चालतो, त्यामुळे काळी लव उजळ करून टाकतो आणि मागचं आकाश पांढरंफटक होतं. उजेड मुद्दाम कमी घ्यावा लागतो, आणि कुत्र्याचं तोंड आभाळाकडे असावं लागतं. डोळ्यांत आभाळाचा ठिपका आला नाही तर काळ्या चेहऱ्यात डोळे सापडतच नाहीत. मी ओल्या गवतात पालथी पडून होते. तिच्या तोंडावरचे केस पांढरे झालेले, भुवयाही पांढऱ्या. आजोबा कॅमेऱ्याकडे बघत नव्हते. त्यांनी तिचा कान अंगठा आणि बोटाच्या मधे धरला होता आणि कापडाचा पोत बघावा तसा हळूहळू चोळत होते. तोच फोटो घेतला. बाकीचे शंभरेक काढले, पण फोटो तोच.

परतताना बसमध्ये मला आजीचा फोटो आठवला.

आजी गेली तेव्हा हार घालायला घरात तिचा एकटीचा एकही फोटो नव्हता. शेवटी आत्तेभावाच्या लग्नातल्या ग्रुप फोटोतून तिचा चेहरा स्टुडिओवाल्याने मोठा करून दिला. अजून भिंतीवर आहे. डावीकडे हिरव्या शालूचा खांदा आहे, तो मोठ्या काकूचा, घरात सगळ्यांना माहीत आहे. आजी पंगतीकडे बघतेय. चेहरा मोठा करताना इतका विरघळलाय की तिच्या हनुवटीवरचं गोंदण दिसत नाही.

हे वाचून कुणी म्हणेल, बघा, तिकडे कुत्र्याचीसुद्धा किती कदर. तसं नाही हो. आमच्याकडे माया कमी नव्हती, रोलमध्ये फोटो छत्तीसच होते. एका बारशातले उरलेले सहा पुढच्या मुंजीपर्यंत कॅमेऱ्यात पडून असायचे. त्यातला एक, आजी ओट्यापाशी लसूण सोलत बसलीय म्हणून कोण खर्च करणार? मला त्या सहांतला एक हवा होता, इतकंच.

इंजिनिअरिंगबद्दल विचारणाऱ्यांना मी हल्ली फाळक्यांचं सांगते. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब सिनेमाच्या आधी फोटोग्राफर होते, गोध्र्याला त्यांचा स्टुडिओ होता. १९१२ मध्ये लंडनला गेले ते कॅमेरा आणायला, आणि १९१३ मध्ये बिऱ्हाड नाशिकला हलवलं. पांडवलेणीच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, तिथे आपण सगळे सहलीला जाऊन डबे खाऊन आलोय. मग फोटोवर पोट भरणं नाशिककरांना इतकं परकं का वाटावं?

आणि काम खरोखर सुखाचं आहे. पहिली वीस मिनिटं कॅमेरा बॅगेतच राहतो. कुत्रा मला हुंगतो, खिसे तपासतो, मग विसरतो. माणसांना मात्र विसरायला वेळ लागतो. सगळी रांगेत उभी, पोटं आत ओढलेली, बापाचा हात मुलाच्या खांद्यावर हातोडीने ठोकल्यासारखा. तेवढ्यात कुत्रा तळ्यात उडी मारून येतो आणि सगळ्यांच्या मधे उभा राहून अंग झाडतो. त्या दोन सेकंदांत जे चेहरे होतात त्यांचेच लोक मला पैसे देतात. कुत्रा पळत असेल तर शटर सेकंदाचा हजारावा भाग किंवा त्याहून जलद, नाहीतर उडणारे कान नुसते धुरकट येतात.

नियम आहेत, पार्कात धंद्याचे फोटो काढायचे तर काउन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची परवानगी, विमा. कटकट वाटते, पण सवय होते.

एक गोष्ट मात्र इथे मला कायम रिकामी वाटते. गल्लीचा कुत्रा नाही. इथे प्रत्येक कुत्र्याच्या कातडीखाली चिप असते, इंग्लंडमध्ये २०१६ पासून सक्तीचीच आहे. बेवारस सापडला तर काउन्सिल उचलून नेतं, सात दिवस मालकाची वाट बघतं. चांगलंच आहे. रात्री दुचाकीमागे धावणारी टोळी मलाही माहीत आहे, गंगापूर रोडवर मी स्वतः जीव मुठीत धरून गाडी पळवलीय. पण कुणाचाच नसलेला आणि अख्ख्या सोसायटीचा असलेला कुत्रा इथे कुणालाच माहीत नाही.

गेल्या दिवाळीत मी घरच्यांना पहाटे गोदाघाटावर नेलं, नारोशंकराच्या देवळापाशी. सगळे नटलेले, सगळे ताठ. आपल्याकडे सूर्य भराभर वर चढतो. लीड्सला डिसेंबरात तो दिवसभर खालीच रेंगाळतो आणि चारच्या आत मावळतो, म्हणून दुपारीसुद्धा मऊ उजेड मिळतो. घाटावर मात्र आठ वाजता सगळ्यांच्या डोळ्यांखाली काळ्या सावल्या. काहीच जमलं नाही. घरी आलो तर गेटाशी आमच्या सोसायटीचा कुत्रा, काळ्या, आईला बघून चारी पाय वर करून रस्त्यात लोळायला लागला. सगळे फुटले हसायला. तिथेच, गेटाच्या सावलीत, मी फोटो घेतला.

"छान आलाय. हॉलमध्ये लावते. तेवढं कुत्रं काप त्यातलं," आई म्हणाली. रोज रात्री त्याला पोळी घालते तीच आई. विचारलं तर म्हणते, उरली होती म्हणून. मी कापलं नाही.

त्या गुरुवारी रात्री व्हिडिओ कॉलवर मी तिला आजोबांचं सगळं सांगितलं. टॉवेलचं, सॉसेजचं, कानाचं. ती बराच वेळ गप्प. मग, "बरं, ठेवते," म्हणून फोन ठेवला.

दहा मिनिटांनी व्हॉट्सॲपवर एक फोटो आला. सोसायटीचं गेट, खाली पोळीचा तुकडा, बाकी सगळा अंधार आणि अंधारात फ्लॅशने चमकलेले दोन हिरवे ठिपके. खाली लिहिलं होतं, "काळ्याचा एकट्याचा नाहीये आपल्याकडे. हा आलाय का नीट?"

मी लिहिलं, "सकाळी साडेसातला काढ, फ्लॅश नको. आणि पायरीवर बस, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला."