चेन टाईट हवी कुणाला?

आमच्याकडं गॅरेजला मोटारसायकल लावली की पोरगं विचारतं, "मालक, चेन टाईट करू का?" आणि गिऱ्हाईक मोबाईलमधनं मान वर न करता म्हणतं, "कर की." माझं भांडण या "कर की"शी आहे. सैल चेन निदान बोंबलते. कव्हरला खडखड आपटते, गिअर टाकताना झटका देते. जास्त ताणलेली चेन फारसा आवाज न करता मागच्या चाकाचं आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग खाते, आणि बिल आलं की मालक कंपनीला शिव्या घालतो.

मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा. मागाचा पट्टा किती ताणायचा हे हाताला ठाऊक असलेला माणूस स्वतःच्या गाडीची चेन दुसऱ्याकडं का देईल? माझी 125 सीसीची गाडी, मागच्या सीटवर कायम टॉवेलचे गठ्ठे. त्यात आपल्याकडची धूळ, आणि पावसाळ्यात कारखान्यामागच्या कच्च्या रस्त्याची काळी माती. चेन बघितल्याशिवाय चालतच नाही.

बघायचं सकाळी, गाडी गार असताना. मेन स्टँड, न्यूट्रल, इंजिन बंद. इंजिन चालू ठेवून, गिअरमध्ये चाक फिरवत चेनला ऑइल सोडणारे शहाणे मी पाहिलेत. बोट चेन आणि स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेनीच्या दातेरी चाकाच्या, मधे गेलं तर संपलं. खालच्या बाजूला, दोन स्प्रॉकेटांच्या बरोबर मध्यावर चेन बोटानं वर ढकलायची, मग खाली ओढायची. पूर्ण बंद कव्हर असेल तर खालचं रबरी बूच काढलं की बोट जातं. स्टीलची पट्टी शेजारी धरली की वर-खाली मिळून किती हलते ते कळतं. कितीची हवी ते गाडीच्या पुस्तकात असतं. आपल्या रोजच्या बऱ्याच गाड्यांना ते 20 ते 30 मिलिमीटरच्या आसपास असतं.

पण एका जागी मोजून उठू नका. चाक थोडं थोडं फिरवत पुन्हा मोजा. चेन सगळीकडं सारखी झिजत नाही. एके ठिकाणी 30 दाखवेल, तीच पुढं 20. सगळ्यात ताठ जागा शोधायची आणि माप तिथं धरायचं.

ही ढिलाई लागते कशाला, ते इथं सांगतो. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मची (मागचं चाक धरून वर-खाली हलणाऱ्या दांड्याची) पिन आणि मागचा एक्सल (चाकाचा आस), हे तिन्ही एका रेषेत आले की दोन स्प्रॉकेटांमधलं अंतर सगळ्यात जास्त होतं. स्टँडवर चाक खाली लोंबतं. माणूस बसला, गठ्ठा चढला, खड्ड्यात शॉकअप दबला, की एक्सल वर त्या रेषेकडं सरकतो आणि चेन ताणली जाते. स्टँडवरच ती तारेसारखी केली असेल तर द्यायला तिच्याकडं काही उरत नाही. म्हणून माप घेतल्यावर मी पोराला गठ्ठ्यासकट सीटवर बसवतो आणि खाली वाकून परत बोट लावतो. तेव्हाही थोडी हललीच पाहिजे.

शेजारच्या अण्णांना हे पटत नाही. "काय बे, चेन लोंबायलीय तुझी," म्हणतात. त्यांच्या गाडीचा पुढच्या स्प्रॉकेटपाशी कुंई कुंई आवाज येतो, ते मी बोलत नाही.

आवळायचं तर आधी एक्सलचा नट सैल करायचा, गाडीला स्लीव्ह नट (स्प्रॉकेटच्या बाजूचा मोठा नट) असेल तर तोही. मग दोन्ही बाजूंचे अॅडजस्टर (चाक मागं ओढणारे स्क्रू) पाव-पाव फेरा, डावीकडं जेवढा तेवढाच उजवीकडं. स्विंगआर्मवरच्या खुणा बघा, पण जुन्या गाडीत त्यांच्यावर फार विसंबू नका. मी दोरा घेऊन स्विंगआर्मच्या पिनेपासून एक्सलपर्यंतचं अंतर दोन्हीकडं ताडून बघतो. चाक तिरकं बसलं तर स्प्रॉकेटचे दात एकाच बाजूनं झिजतात. नट आवळल्यावर परत मोजायचं, कारण आवळताना एक्सल जरासा सरकतो. नट पुस्तकात दिल्याइतकाच घट्ट, आणि नट सुटू नये म्हणून घातलेली कॉटर पिन असेल तर नवी.

ड्रम ब्रेकवाल्यांनी एक ध्यानात ठेवा. चाक मागं गेलं की ब्रेकचा रॉड ताणला जातो आणि पॅडलचा खेळ कमी होतो. तो नट थोडा सोडायचा, चाक हातानं मोकळं फिरतंय का बघायचं, ब्रेकलाईट वेळेवर लागतेय का तेही. गॅरेजमध्ये हेच हमखास राहतं, आणि ब्रेक धरून गाडी पळते.

अॅडजस्टर शेवटच्या खुणेला टेकला असेल तर ताणत बसू नका, चेन झिजलीय का ते मोजा. 428 नंबरच्या चेनीत दोन पिनांमधलं अंतर 12.7 मिलिमीटर, म्हणजे नव्या चेनीच्या 20 कड्या 254 भरतात. चेन ताणून धरून त्याच 258-259 भरल्या तर ती गेली. बदलताना दोन्ही स्प्रॉकेटंही बदला, झिजलेल्या दातांवर नवी चेन टिकत नाही. आणि चेन लॉकची (चेनीची टोकं जोडणाऱ्या कडीची) क्लिप बसवताना तिची बंद बाजू चेन ज्या दिशेला पळते तिकडं.