डिपॉझिट परत मागायला आलेला मुलगा

लायब्ररीचं डिपॉझिट मुलं निकाल लागल्यावर मागतात. तिसरं वर्ष संपतं, मार्कशीट हातात येते, मग 'नो ड्यूज'च्या कागदावर माझी सही घ्यायला रांग लागते. त्यामुळे ऐन श्रावणात, सेमिस्टर अर्ध्यावरही आलेलं नसताना, टीवायचा एक मुलगा काउंटरवर पुस्तकं ठेवून "मॅडम, सगळी जमा करून घ्या, आणि डिपॉझिट मिळेल का?" म्हणाला तेव्हा मी हातातलं काम बाजूला सारलं.

मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. हा मुलगा सत्तरी तालुक्यातून कदंबाच्या सरकारी बसने यायचा. (ओळख पटू नये म्हणून त्याच्याबद्दलचे काही तपशील बदलले आहेत.) मासिकांच्या रॅकशेजारची खुर्ची पहिल्या वर्षापासून त्याची. अलीकडे ती रिकामीच दिसायची. आलाच तर तासभर एकच पान उघडं ठेवून बसायचा. आमच्या अटेंडंटने, जिला सगळं कॉलेज 'बाय' म्हणतं, एकदा त्याला हटकलं, तर "हांव बरो आसां" म्हणून उठून गेला.

त्या दिवशी मात्र तो खरंच बरा दिसत होता. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री, बोलणं शांत. दंडाचे पैसे त्याने सुटे मोजून दिले. पुस्तकं तपासताना पानांच्या शिवणीत मला खोडरबराचा चुरा दिसला. पेन्सिलच्या खुणा, समासातली आकडेमोड, सगळं खोडून त्याने पुस्तकं कोरी करून आणली होती. दाराशी एक ज्युनियर त्याचा कॅल्क्युलेटर हातात धरून उभा होता. "दादाने दिला. नको म्हणतो परत."

कित्येक आठवडे खचलेलं माणूस अचानक निवांत झालं की सगळ्यांना हायसं वाटतं. पण कधीकधी ती शांतता मनाशी एकदाचं ठरवून टाकल्याची असते. वस्तू वाटून टाकणं, देणी फेडणं, निरवानिरव करणं या खुणा मी एका प्रशिक्षणात ऐकल्या होत्या. सुट्या सुट्या त्यांना अर्थ नसतो, पुस्तकं तर सगळेच परत करतात. त्या दिवशी माझ्या काउंटरवर त्या सगळ्या एकदम मांडल्या गेल्या होत्या.

बाइंडिंगला जाणाऱ्या पुस्तकांचे गठ्ठे ठेवतो त्या मागच्या खोलीत मी त्याला नेलं आणि दार नुसतं लोटून घेतलं. समोर नाही, शेजारी बसले. मला काय काय दिसलं ते आधी सांगितलं: रिकामी खुर्ची, खोडलेल्या खुणा, कॅल्क्युलेटर. मग विचारलं, "पुता, तुझ्या मनात मरायचे विचार येतात का?"

असं थेट विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरेल, ही भीती पुष्कळांना असते. ती खरी नाही. विचारल्याने धोका वाढत नाही, हे आजवरच्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. उलट कुणीतरी विचारलं याचंच त्या माणसाला हलकं वाटतं. "असं वेडंवाकडं काही करणार नाहीस ना?" हा प्रश्न मात्र मी कधीच विचारणार नाही. त्यात 'नाही' हे उत्तर आपणच त्याच्या तोंडात घालतो.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मीही बोलले नाही. मग म्हणाला, "होय."

त्यानंतर जे बाहेर आलं त्यात एकच एक कारण नव्हतं, तसं ते बहुधा नसतंच. एक विषय राहिलेला, हजेरी पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली. घरी वडिलांचा खनिज वाहतुकीचा ट्रक. 2012 साली खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, 2018 साली परत थांबल्या, आणि कर्जाचं ओझं त्या घरावरून उतरलंच नाही. रात्र रात्र झोप नाही. "मी नसलो तर घरचा एक खर्च कमी होईल," असं तो इतक्या समंजसपणे म्हणाला की माझ्या अंगावर काटा आला. "आईबापाचा तरी विचार कर" असं आपण पटकन म्हणून जातो. हा मुलगा रात्रंदिवस त्यांचाच विचार करत होता, आणि त्यातूनच तो इथवर आला होता.

कधी आणि कसं, हेही त्याने ठरवलं होतं. ते इथे लिहिणार नाही. पण ते ठरलेलं आहे हे कळल्यावर दुसऱ्या दिवसावर ढकलण्यासारखं काही उरलं नाही. "कुणाला सांगू नका," असं त्याने विनवलं. मी म्हणाले, "हे मी माझ्यापाशी ठेवणार नाही. कुणाला सांगायचं ते आपण मिळून ठरवू. पण आज तू एकटा घरी जायचं नाहीस."

आमच्या समुपदेशक आठवड्यातून दोनच दिवस येतात आणि तो त्यांचा दिवस नव्हता. मी व्हरांड्यातून त्यांना फोन लावला तोवर बाय त्याच्याजवळ बसली. तिने त्याला काही विचारलं नाही. चहा आणि भाजीपाव पुढे ठेवला आणि आपल्या शेळीच्या करडांबद्दल बोलत राहिली. समुपदेशक फोनवर त्याच्याशी बोलल्या आणि मला म्हणाल्या, आजच बांबोळीला, मनोविकार संस्थेत. आईला फोन मी केला. "मॅडम, माझा पोर वेडा नाही हो!" एवढंच ती म्हणत राहिली. मग मामाने फोन घेतला. पोलीस केस तर होणार नाही ना, ही त्याची काळजी. त्याला समजावलं, मुलाने काही केलेलंच नाही, मग केस कसली? आणि कुणी प्रयत्न केला असता तरी 2017 चा मानसिक आरोग्य कायदा त्या माणसाला अपराधी नव्हे, तीव्र ताणाखाली असलेला मानतो आणि त्याची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर टाकतो.

प्राचार्यांनी गाडी दिली. बाणस्तारीचा पूल ओलांडेपर्यंत तो खिडकीबाहेर बघत होता. नंतर त्याने विचारलं, "मॅडम, तुम्ही थांबाल ना तिथे?" त्याची आई येईपर्यंत थांबले, आल्यावरही थांबले.

डॉक्टरांनी त्याला काही दिवस ठेवून घेतलं. गणेश चवथीआधी तो घरी आला. सोबत औषधं आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलेला एक कागद होता, जो त्याने मला पुढे दाखवला. पहिली ओळ: रात्री दोनला जाग आली आणि छाती भरून आली की. त्याखाली काय करायचं: पडवीत जाऊन बसायचं, मामेभावाला उठवायचं. मग नंबर: मामेभाऊ, समुपदेशक, टेलि-मानस 14416. ही मोफत सरकारी सेवा दिवसरात्र चालते आणि तिथे मराठीतून बोलता येतं. त्याखाली बायचं नाव. ज्या गोष्टीचा धोका होता ती मामाने घरातून आधीच हलवली होती.

रुग्णालयातून सुटल्यावरचे आठवडे फार नाजूक असतात. मुलगा घरी आला म्हणून आपण सुटकेचा श्वास टाकतो आणि नेमकं तेव्हाच विचारणं बंद करतो. म्हणून आम्ही वार वाटून घेतले होते, रोज कुणीतरी त्याला फोन करायचं. हजेरीचा प्रश्न वैद्यकीय दाखल्यावर सुटला, हुकलेली आयएसए, म्हणजे सेमिस्टरमधली अंतर्गत परीक्षा, वेगळी घेतली गेली. आणि वर्गात सगळ्यांदेखत "कुठे होतास इतके दिवस?" असं विचारू नका, हे प्राचार्यांनी स्टाफला स्वतः सांगितलं. तो आज पदवीधर आहे आणि नोकरीला लागला आहे. औषधं डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू आहेत.

2022 या एका वर्षात देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, ही राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची आकडेवारी. सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 रोजी शिक्षणसंस्थांना निर्देश दिले. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे प्रशिक्षित समुपदेशक हवा, आणि शिक्षकांबरोबर शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनाही वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यायला हवं. हा दुसरा निर्देश मला फार मोलाचा वाटतो. मुलं प्राध्यापकांसमोर सावरून बसतात. कॅन्टीनमध्ये, बसथांब्यावर, काउंटरवर ती जशी असतात तशी दिसतात.

आमच्याकडे झालेल्या प्रशिक्षणाला बाय पहिल्या रांगेत होती. कॅन्टीनवाल्याने उभं राहून विचारलं, "मी सातवी शिकलेला. मी असा प्रश्न विचारला तर चालेल?" समुपदेशक म्हणाल्या, "चालेल. विचारा, त्याच्याजवळ थांबा, आणि मला फोन करा." त्याने तिथल्या तिथे त्यांचा नंबर मोबाइलमध्ये घेतला. पुढच्या आठवड्यात त्याने त्यांना फोन केला. रोज मैत्रिणींबरोबर येणारी एक मुलगी हल्ली एकटीच येते आणि ताट तसंच ठेवून जाते, एवढं त्याने सांगितलं. समुपदेशक त्याच दिवशी तिला भेटल्या.