मधली जागा काढणारी ओळ

संगणकशास्त्राच्या पदवीच्या पहिल्या सत्रातील प्रात्यक्षिकांचे फोल्डर मी गेली अनेक वर्षे एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर नुसते वाहून नेत होते. उघडून कधी पाहिले नव्हते. गेल्या महिन्यात भलतेच काही शोधताना ते उघडले आणि त्यात सी भाषेत लिहिलेला बायनरी सर्चचा माझा पहिला प्रोग्रॅम सापडला. ओळी जेमतेम तीस. चढत्या क्रमाने लावलेल्या संख्यांच्या यादीत हवी ती संख्या शोधायची, त्यासाठी यादीच्या मधली संख्या पाहायची, हवी असलेली संख्या तिच्याहून मोठी असेल तर डावा अर्धा भाग सोडून द्यायचा, लहान असेल तर उजवा, आणि उरलेल्या भागावर पुन्हा तेच करायचे, एवढाच तो प्रकार. दहा लाख संख्यांच्या यादीत जास्तीत जास्त वीस तुलनांत उत्तर मिळते, असे मी तोंडी परीक्षेत सांगितले तेव्हा परीक्षकांनी मान डोलावली होती आणि मला त्या प्रात्यक्षिकाचे पूर्ण गुण मिळाले होते.

त्या प्रोग्रॅममध्ये एक चूक होती. ती मला दिसली नाही आणि परीक्षकांनाही दिसली नाही, पण त्यात आम्हा दोघांनी फारसे ओशाळण्याचे कारण नव्हते, हे पुढे कळले.

चूक मधली जागा काढणाऱ्या ओळीत होती. शोधाच्या डाव्या टोकाला ‘लो’ आणि उजव्या टोकाला ‘हाय’ म्हटले, तर दोहोंची बेरीज करून दोनने भागावे, असे शाळेत सरासरी शिकलेला कोणीही लिहील. गणितात ते बरोबरच आहे. संगणकातला पूर्णांक मात्र गणितातल्या पूर्णांकासारखा अमर्याद नसतो. ३२ बिटांच्या (शून्य-एकच्या ३२ घरांच्या) चिन्हांकित, म्हणजे धन-ऋण दोन्ही चालणाऱ्या, पूर्णांकात जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ एवढीच संख्या मावते, आणि बेरीज तिच्यापुढे गेली की ती सहसा कसलीही तक्रार न करता ऋण होऊन बसते. भागाकाराची पाळी येईपर्यंत घोटाळा होऊन गेलेला असतो. जावा भाषेच्या प्रमाण लायब्ररीतला, म्हणजे भाषेसोबत मिळणाऱ्या तयार कोडच्या संग्रहातला, बायनरी सर्च ज्यांनी लिहिला होता त्या जोशुआ ब्लॉक यांनी २००६ साली उघडपणे लिहिले की नेमकी हीच चूक आपल्या कोडमध्येही होती आणि ती कित्येक वर्षे कोणाच्या लक्षात आली नव्हती. उपाय एका ओळीचा आहे: आधी ‘हाय’मधून ‘लो’ वजा करावा, त्या वजाबाकीला दोनने भागावे आणि मग ते ‘लो’मध्ये मिळवावे.

संगणकशास्त्राच्या पदवीत नेमके काय शिकवतात, असे कोणी विचारले की अलीकडे मला ही ओळ आठवते. ‘मला हे समजले आहे’ आणि ‘मला हे नेमके लिहून दाखवता येते’ या दोन वाक्यांत केवढे अंतर आहे, ते दर सत्रात नव्या ठिकाणी दिसत राहणे, हाच माझ्या लेखी या शिक्षणाचा गाभा होता.

पदवीला प्रवेश घेताना माझी समजूत निराळी होती. प्रोग्रॅमिंगच्या भाषा शिकायच्या, जितक्या जास्त तितके बरे, असे मला वाटत होते. वर्गात काही जण आधीपासून कोड लिहिणारे होते आणि पहिले काही आठवडे त्यांच्याकडे पाहून माझी छाती दडपत असे. त्यांची ती आघाडी पॉइंटर येईपर्यंतच टिकली, कारण मेमरीतला पत्ता आणि त्या पत्त्यावर ठेवलेली वस्तू या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे सगळ्यांनाच एकदम नव्याने शिकावे लागले. प्रोग्रॅमने आपल्या नसलेल्या मेमरीला हात लावला की पडद्यावर ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ एवढे दोनच शब्द येत आणि कुठल्या ओळीत काय बिनसले याचा पत्ता लागत नसे. डीबगर, म्हणजे चुका शोधायचे साधन, वापरायला कोणी तरी पहिल्याच आठवड्यात शिकवायला हवे होते, ही माझी अभ्यासक्रमाविषयीची जुनी तक्रार आहे. तो आम्ही तिसऱ्या सत्रात, तोही एका सीनियर मुलीकडून शिकलो.

डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स हा विषय मला सुरुवातीला मुळीच आवडला नाही. संच, संबंध, आलेख, गणिती विगमन. संगणकाशी यांचा काय संबंध, असे म्हणत मी पहिल्या अंतर्गत परीक्षेत जेमतेम काठावर आले. विगमनाची सिद्धता मी पाठ केली होती. विधान एकसाठी खरे आहे, आणि ‘के’साठी खरे धरले तर ‘के अधिक एक’साठीही खरे ठरते, म्हणून ते सर्व संख्यांसाठी खरे आहे; हे मी न अडखळता लिहू शकत असे आणि ते मला तिळमात्र कळलेले नव्हते. कळले ते रिकर्शनचा प्रोग्रॅम लिहिताना. स्वतःलाच बोलावणारे फंक्शन मी मनात एकेक पायरी उलगडून पाहू लागे आणि चौथ्या-पाचव्या पायरीला डोके गरगरू लागे. एकदा शिक्षिका मागे उभ्या राहून म्हणाल्या, “तू खाली कशाला उतरतेस? लहान यादीसाठी ते बरोबर उत्तर देते असे धर, आणि तेवढ्यावर मोठ्या यादीचे उत्तर येते का ते बघ.” म्हणजे ‘के’साठी खरे धर. पाठ केलेली सिद्धता आणि समोरचा प्रोग्रॅम ही एकच गोष्ट आहे, हे त्या क्षणी ध्यानात आले. पुढे लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारा कोडचा भाग, लिहितानाही ‘प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला कोणती गोष्ट खरी असलीच पाहिजे’ हे आधी कागदावर लिहायची सवय लागली आणि मोजणी एकाने कमी-जास्त होण्याच्या चुका पुष्कळ घटल्या. पूर्ण गेल्या असे मी म्हणणार नाही.

थिअरी ऑफ कम्प्युटेशन, म्हणजे संगणकाला काय सोडवता येते आणि काय नाही याचा विषय, याच्या बाबतीत आमची फजिती वर्गाबाहेर झाली. मधल्या वर्षीच्या छोट्या प्रकल्पासाठी आम्ही तिघींनी मोठ्या उत्साहाने एक कल्पना मांडली: विद्यार्थ्यांनी लिहिलेला कोणताही प्रोग्रॅम द्यावा आणि तो कधी तरी थांबेल की अनंतकाळ फिरत राहील, ते आमच्या प्रोग्रॅमने आधीच अचूक सांगावे. मार्गदर्शक सरांनी कल्पना शांतपणे ऐकून घेतली आणि पुढच्या सत्राचे पुस्तक हातात ठेवले. असा प्रोग्रॅम लिहिताच येणार नाही, हे ब्रिटिश गणिती अॅलन ट्युरिंग यांच्या १९३६ सालच्या कामातून निघते; तेव्हा आजच्या अर्थाने संगणक अस्तित्वातही नव्हता. युक्तिवाद छोटा आहे. सर्व प्रोग्रॅमचे भविष्य सांगणारा एक ज्योतिषी प्रोग्रॅम आहे असे क्षणभर मानू. मग त्याच्याच मदतीने असा खोडकर प्रोग्रॅम लिहिता येतो की जो स्वतःविषयी ज्योतिषाला विचारतो, ‘थांबशील’ असे उत्तर आले तर मुद्दाम फिरत राहतो आणि ‘फिरत राहशील’ असे आले तर लगेच थांबतो. ज्योतिषी काहीही बोलला तरी खोटा पडतो. म्हणून तो असूच शकत नाही. मर्यादित प्रकारच्या प्रोग्रॅमविषयी किंवा ठरावीक वेळेपुरते बोलता येते, आणि आम्ही शेवटी तेवढेच केले. कितीही वेगवान यंत्र आणले तरी काही प्रश्न सुटणार नाहीत, हे सिद्ध करता येते, याचे अप्रूप मला अजून वाटते.

अल्गोरिदमच्या, म्हणजे प्रश्न पायरीपायरीने सोडवण्याच्या रीतींच्या, तासांपैकी एक तपशील कायमचा लक्षात राहिला. दोन ठिकाणांमधला सर्वांत कमी अंतराचा मार्ग शोधण्याची डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांची रीत १९५९ साली प्रसिद्ध झाली, पण ती त्यांना तीन वर्षे आधी अॅमस्टरडॅममधल्या एका कॅफेत बसले असताना सुमारे वीस मिनिटांत सुचली होती. हाताशी कागद-पेन्सिल नसल्यामुळे टाळता येण्याजोगा सगळा गुंता टाळावाच लागला, असे त्यांनी पुढे मुलाखतीत सांगितले. हे ऐकल्यापासून मी असाइनमेंट हातात पडताच कीबोर्डकडे धावणे सोडले. संपूर्ण रीत मैत्रिणीला फक्त तोंडी सांगून पाहायची, मध्ये ‘मग ते काहीतरी तसे करायचे’ असे शब्द आले की समजायचे, इथे पाणी मुरते आहे.

तरीही ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रयोगशाळेत जे घडले त्याची तयारी कोणाचीच नव्हती. एकाच प्रोग्रॅममध्ये दोन थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे कामाचे दोन धागे, चालवायचे, प्रत्येकाने एकच सामाईक गणक, म्हणजे मोजणी ठेवणारी संख्या, दहा लाख वेळा एकाने वाढवायचा आणि शेवटी गणक छापायचा. उत्तर वीस लाख येणार हे सांगायला पदवी लागत नाही. माझे उत्तर तेरा लाखांच्या घरात आले. पुन्हा चालवले तर अकरा लाखांच्या वर काहीतरी, तिसऱ्यांदा आणखी वेगळे. तोच प्रोग्रॅम, तेच यंत्र, एक अक्षरही बदललेले नाही आणि दर वेळी उत्तर निराळे, हे पाहून आधी मला संगणकच बिघडला असे वाटले. काय होते आहे ते पाहावे म्हणून लूपच्या आत गणक छापणारी ओळ घातली आणि फेऱ्या दहा लाखांवरून हजारावर आणल्या. लगेच उत्तर बरोबर येऊ लागले. ओळ काढून फेऱ्या पूर्ववत केल्या की पुन्हा चूक.

कारण असे की ‘एकाने वाढव’ ही आपल्याला एक क्रिया वाटते, पण प्रोसेसरसाठी त्या तीन असतात: मेमरीतून किंमत उचलणे, तीत एक मिळवणे आणि परत ठेवणे. दोन्ही थ्रेडनी एकाच वेळी ‘४१’ उचलले, दोघांनी ‘४२’ केले आणि दोघांनी ‘४२’च ठेवले, की दोन वाढींपैकी एक हरवली. मी छापणारी ओळ घातली तेव्हा कामाचा वेग आणि क्रम बदलला, त्यामुळे टक्कर जवळजवळ होईनाशी झाली. चूक तिथेच होती, फक्त लपली होती. एका वेळी एकालाच आत सोडण्याच्या या प्रश्नावर डाइक्स्ट्रा यांचाच १९६५ सालचा लेख आहे. गणकाभोवती लॉक, म्हणजे एक आत असताना दुसऱ्याला थांबवणारे कुलूप, लावल्यावर वीस लाख आले, पण प्रोग्रॅम डोळ्यांना जाणवेल इतका संथ झाला. लॉक फेरीच्या आत घ्यावा की लूपच्या बाहेर, यावर त्या दुपारी आमचा जो वाद झाला तितका कुठल्याही व्याख्यानात झाला नसेल.

डेटाबेस आणि नेटवर्क हे विषय नोकरीत सर्वाधिक उपयोगी पडले, पण त्यांच्याविषयी सांगण्यासारखे माझ्याजवळ थोडे आहे. नॉर्मलायझेशनची (एकच माहिती दोनदा साठवली जाऊ नये अशा मांडणीची) टिपणे मी तेव्हा जांभया देत काढली आणि आज रोज वापरते.

अक्षरांची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. शब्द उलटसुलट सारखाच आहे का, हे तपासणारा प्रोग्रॅम प्रत्येक विद्यार्थी कधी ना कधी लिहितो. माझ्या प्रोग्रॅमला मी सहज म्हणून ‘नवीन’ हा शब्द दिला. उजवीकडून वाचा की डावीकडून, तो नवीनच. प्रोग्रॅमचे उत्तर आले, नाही. लांबी विचारली तर म्हणाला, १२. सी भाषा बाइट, म्हणजे मेमरीतली घरे, मोजत होती आणि यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे असते. बाइट सोडून युनिकोडची, म्हणजे जगातल्या लिप्यांना क्रमांक देणाऱ्या प्रमाण यादीतली, चिन्हे मोजली तर लांबी ४ झाली, कारण ‘व’ आणि दीर्घ वेलांटी ही दोन स्वतंत्र चिन्हे आहेत. उलटे केल्यावर वेलांटी ‘व’ला सोडून ‘न’ला जाऊन चिकटली आणि ‘नीवन’ असा शब्द तयार झाला. अक्षर आणि त्याला जोडलेली चिन्हे मिळून एक एकक धरले तेव्हा कुठे लांबी ३ आली आणि नवीन नवीनच राहिला. एका शब्दाच्या तीन लांब्या, आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर. ‘अक्षर म्हणजे काय’ हा प्रश्न मला बालवाडीनंतर थेट पदवीच्या तिसऱ्या वर्षी पडला.

आता कोड लिहून देणारी साधने विद्यार्थ्यांच्या हाताशी आहेत आणि मग हे सारे कष्ट कशाला, असे मला धाकटी भावंडे विचारतात. मी ती साधने स्वतः वापरते, त्यामुळे सोवळेपणाचा आव आणणार नाही. माझे म्हणणे एवढेच की प्रात्यक्षिकाचे उत्तर त्यांच्याकडून घेणे म्हणजे दुसऱ्याला व्यायामशाळेत पाठवण्यासारखे आहे. नीटनेटका, आत्मविश्वासाने लिहिलेला कोड समोर आला की तो बरोबरच असणार असे वाटते. आणि मधली जागा काढणारी माझी ती ओळही नीटनेटकीच होती.

त्या ओळीचे पुढे काय झाले ते सांगते. माझ्या पहिल्या वर्षीच्या संगणकात ती चूक उघडी पडणे शक्यच नव्हते. यादीत सुमारे १०७ कोटींहून अधिक संख्या असल्याखेरीज बेरीज मर्यादा ओलांडत नाही, आणि चार बाइटची एक याप्रमाणे त्यासाठी चार जीबीहून जास्त मेमरी लागते. आज माझ्या साध्या लॅपटॉपमध्ये ती आहे. म्हणून गेल्या महिन्यात मी ११० कोटी संख्यांची यादी तयार केली आणि त्या जुन्या प्रोग्रॅमला, शोधाची ओळ न बदलता, यादीतली सर्वांत शेवटची संख्या शोधायला सांगितली. पाच फेऱ्या सुरळीत गेल्या. सहाव्या फेरीत ‘लो’ आणि ‘हाय’ची बेरीज मर्यादेपलीकडे गेली, मधली जागा उणे १०६ कोटींच्या आसपास निघाली आणि पडद्यावर ते ओळखीचे दोन शब्द उमटले: सेगमेंटेशन फॉल्ट. ओळ बदलली, पुन्हा चालवले. ३१व्या तुलनेला संख्या सापडली.