नस वाचली, असे सांगितले होते

आमच्याकडे यवतमाळ जिल्ह्यात रक्तवाहिनीलाही नस म्हणतात आणि मज्जातंतूलाही नसच, आणि या एका शब्दाने माझे दोन महिने खाल्ले. गोठ्यावरचा टिनाचा पत्रा उतरवताना उजव्या मनगटाच्या चार बोटे वर, करंगळीच्या बाजूला, खोल कापले. तालुक्याच्या ठिकाणी टाके पडले, रक्त थांबले आणि नस वाचली असे ऐकून आम्ही निश्चिंतपणे घरी परतलो. करंगळी बधिर होती, पण तो टाक्यांसाठी दिलेल्या बधिर करण्याच्या सुईचा परिणाम असावा असे वाटले. करंगळीला स्पर्श कळतो का आणि बोटे फाकवता येतात का, एवढी तपासणी ती सुई देण्याआधी झाली असती, तर पुढचे पुष्कळ टळले असते.

कापूस वेचायला गेले तेव्हा चिमटीत जोर नव्हता, करंगळी आणि अनामिका आकड्यासारख्या वाकू लागल्या होत्या आणि अंगठा व तर्जनी यांच्यामधले मांस बसले होते. एकदा करंगळी तव्याला टेकली, ते मला वासाने कळले. “रगत तं थांबलं होतं ना वं, मंग हे काय?” असे सासूबाई विचारत राहिल्या.

नागपूरच्या सर्जननी माझ्या चिमटीत कागद देऊन ओढला. तो धरून ठेवताना अंगठ्याचे पेर आपोआप वाकले, यावरून त्यांनी अल्नर नस, म्हणजे करंगळीच्या बाजूचा मज्जातंतू, तुटल्याचे ओळखले आणि विजेच्या तपासणीने त्याची खात्री केली. तोवर तुटलेल्या टोकाला गाठ आली होती. ती छाटल्यावर ३ सेंटिमीटर अंतर उरले, म्हणून पोटरीतली स्पर्शाची नस काढून, तिचे तुकडे शेजारी शेजारी ठेवून, सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक धाग्याने जोडले. त्या पायाची बाहेरची कड आजही बधिर आहे. हा सौदा मला आधी समजावून सांगितला होता.

जोडले म्हणजे लगेच चालू झाले, असे नसते. तुटल्यापलीकडचे तंतू मरतात (वॉलर या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने हे १८५० मध्ये बेडकाच्या जिभेच्या नसांवर दाखवले होते, असे नंतर वाचले), मात्र त्यांच्या नळ्या शिल्लक राहतात आणि वरून येणारे नवे अंकुर त्यांतून साधारण दिवसाला १ मिलिमीटर सरकतात. माझ्या करंगळीच्या टोकापर्यंत २० सेंटिमीटर, म्हणजे किमान २०० दिवस. दरम्यान स्नायूंना वर्ष-दीड वर्षात नस मिळाली नाही, तर ते पुढे फारसे दाद देत नाहीत, म्हणून माझे गमावलेले दोन महिने मला सतत टोचत राहिले. बोटे आखडू नयेत म्हणून पट्टा आणि व्यायाम चालूच होता. दर महिन्याला मी व्रणापासून खाली बोटाने टिचकी मारत जाई आणि जिथे करंगळीत झिणझिण्या उठत, तिथे पेनाने खूण करून तारीख वहीत लिही. खुणा पुढे सरकत होत्या, तोच धीर.

आज दीड वर्ष झाले. गरम-गार कळते, चिमटीत निम्मा जोर आला आहे, बोटे मात्र पूर्ण फाकत नाहीत आणि थंडीत हात ठणकतो. काही अंकुर भलत्याच नळीत शिरले असावेत, कारण अनामिकेवर मुंगी चढली की मी करंगळी झटकते.