अंबरनाथ ते भायखळा, गाडीने: शिलाहार, चिमाजी अप्पा आणि डॉकचा स्फोट (माझा अनुभव)

बाबा रिटायर झाल्यापासून त्यांचं एकच चाललं होतं, की आपण मुंबईकर शिवनेरी बघून येतो, हंपीला जातो, राजस्थानचे किल्ले बघतो, आणि आपल्या दारातलं काहीच बघत नाही. मग ठरवलंच, एक वीकेंड काढायचा, गाडी मी चालवणार, बाबा शेजारी बसून वाचून दाखवणार, आणि मुंबईच्या आजूबाजूला जिथे जिथे जुन्या राजवटींच्या आणि युद्धांच्या खुणा आहेत तिथे जायचं. रूट असा ठेवला की एकदाही उलटं फिरावं लागू नये: अंबरनाथ, उल्हासनगर, भिवंडीवरून वसई, तिथे आत्याकडे मुक्काम, मग घोडबंदर, बोरिवलीचं एक्सर आणि शेवटी भायखळा. कोणाला करायचा असेल तर हाच क्रम ठेवा, फक्त शनिवारी सकाळी सहाच्या आत निघा, नाहीतर शिळफाट्यालाच दमायला होतं.

अंबरनाथचं शिवमंदिर मी लहानपणी महाशिवरात्रीच्या गर्दीत पाहिलेलं, म्हणजे पाहिलेलंच नाही, माणसांच्या पाठी पाहिलेल्या. यावेळी सकाळी तिथे जेमतेम पाच-सहा जण होते. उत्तरेकडच्या दारावरच्या शिलालेखात शके ९८२ आहे, म्हणजे इसवी सन १०६०. तेव्हा उत्तर कोकणावर राज्य करणाऱ्या शिलाहार घराण्यातल्या छित्तराजाने काम सुरू केलं आणि मुम्मुणीच्या काळात ते पूर्ण झालं असं मानतात. गाभाऱ्यात पायऱ्या उतरून खाली जावं लागतं आणि खाली उभं राहून वर पाहिलं की थेट आकाश दिसतं, कारण शिखराचा वरचा भाग शिल्लकच नाही. बाहेरच्या भिंतींवर इतकं कोरीवकाम आहे की एका बाजूलाच आमचा तास गेला. घाई करू नका, इथे वेळ द्या.

तिथून उल्हासनगर एवढं जवळ आहे की लोक विचारतात तिथे काय बघायचं. तर तिथे दुसरं महायुद्ध आहे! ब्रिटिशांनी सैनिकांसाठी इथे कल्याण ट्रान्झिट कॅम्प उभारला होता, युद्ध संपलं, फाळणी झाली आणि त्याच रिकाम्या बराकींमध्ये सिंधमधून आलेल्या निर्वासितांना ठेवलं. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी कोनशिला बसवली आणि उल्हासनगर नाव मिळालं. आजही रिक्षावाला 'कॅम्प नंबर पाच?' असंच विचारतो. पाटी नाही, तिकीट नाही, गाईड नाही, पण अख्खं शहर सैन्याच्या आखणीवर उभं आहे हे कळलं की नेहमीचे गल्लीबोळ वेगळे दिसायला लागतात. बाबांनी एका दुकानदार काकांशी गप्पा मारल्या, त्यांच्या वडिलांना बराकीत एक खोली मिळाली होती आणि मध्ये गोणपाटाचा पडदा लावून दोन कुटुंबं राहायची म्हणे. ते ऐकताना बाबा एकदम गप्प झाले.

पुढे भिवंडी बायपास आणि अंजूरफाटा ते चिंचोटी. या रस्त्याबद्दल जे ऐकलंय ते सगळं खरं आहे, गोडाऊन, कंटेनर, धूळ आणि खड्डे, वेळ जास्तीचाच धरा. पण इथून जाताना एक गोष्ट माहीत असायला हवी. उत्तर कोकण पोर्तुगीजांकडून सोडवा म्हणून पेशव्यांकडे ज्यांनी पाठपुरावा केला ते गंगाजी नाईक याच अंजूरचे. वसईची मोहीम पुण्यात सुरू झाली असं आपल्याला वाटतं, पण तिचं मूळ या खाडीकाठच्या गावांमध्ये आहे, आणि म्हणून मला वाटतं वसईला जायचं तर याच रस्त्याने जावं, खड्ड्यांसकट.

रात्री आत्याकडे पोचलो. तिने सुकेळी काढून ठेवली होती, वसईच्या राजेळी केळ्यांची, आणि बजावलं की किल्ला बघायचा तर उन्हाआधी.

वसईचा किल्ला मोठा आहे, म्हणजे खरंच मोठा, तटाच्या आत एक अख्खं शहर होतं, चर्च, मठ, कोर्ट, घरं, आता भिंती आणि कमानी उरल्यात आणि त्यांच्यावर वडा-पिंपळाची मुळं. १५३४ च्या तहात गुजरातच्या बहादुरशहाने हा भाग पोर्तुगीजांना दिला आणि दोनशे वर्षांनी, १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांनी घेतला. मराठ्यांनी तटाखाली सुरुंग पेरले, सेबास्तियन बुरुजाकडचा तट उडवला, खिंडार पडलं तिथून लोक घुसले आणि माणसं पडत राहिली तरी मागचे पुढे येत राहिले. मे महिन्यात तह झाला, पोर्तुगीजांना बायकामुलं आणि सामान घेऊन जाऊ दिलं. चर्चच्या घंटा मराठ्यांनी नेल्या, त्यातली एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे, एक मेणवलीला, आम्ही दोन्ही पाहिल्यात. त्या जिथून गेल्या ते रिकामे मनोरे समोर बघताना बाबा म्हणाले, 'आता कुठे गोष्ट पूर्ण झाली बघ.' चिमाजी अप्पांच्या स्मारकापाशी थांबलो, पण माझं मन त्या खिंडाराकडेच होतं, कारण तिथे पडलेल्या बहुतेकांची नावं कुठेच लिहिलेली नाहीत.

घोडबंदर लवकर आटपलं, खाडीचा नजारा सुंदर आहे, अर्धा तास पुरे.

एक्सरचे वीरगळ, म्हणजे लढताना गेलेल्या वीरांच्या आठवणीत उभे केलेले दगड, मात्र या ट्रिपमधली माझी सगळ्यात आवडती जागा. बोरिवली पश्चिमेला, बिल्डिंगींच्या मध्ये, उंचच उंच कोरलेले दगड. वीरगळ खालून वर वाचायचा असतो, खाली लढाई, त्याच्या वर वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर शिवलिंगाची पूजा. इथल्या दगडांवर जहाजं आहेत, वल्ह्यांची रांग असलेली, समुद्रातली लढाई! बरेच अभ्यासक ती १२६५ च्या सुमाराची मानतात, देवगिरीचा महादेव यादव विरुद्ध शेवटचा शिलाहार सोमेश्वर. सोमेश्वर समुद्रात बुडाला असं यादवांचा मंत्री हेमाद्री याने लिहून ठेवलंय. म्हणजे अंबरनाथला जे घराणं बांधताना पाहिलं तेच इथे संपताना दिसतं. काही जण हे दगड याहून जुने मानतात, ते असो, पण मुंबईतल्या प्रत्येक शाळेने एकदा तरी मुलांना इथे आणायला हवं असं मला अगदी मनापासून वाटतं. दगड झिजतायत, आणि जवळ गाडी लावायला जागा नाही, स्टेशनकडून रिक्षाने गेलेलं बरं.

शेवटी भायखळा, अग्निशमन दलाचं मुख्यालय. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन नावाच्या जहाजाला आग लागली. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं, वर कराचीत चढवलेला कापूस आणि सोन्याच्या विटा. दुपारी चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा, हादरा सिमल्याच्या भूकंपमापकावर नोंदला गेला. शेकडो माणसं गेली. बाबांची आई तेव्हा गिरगावात होती, जपान्यांनी बॉम्ब टाकले असं समजून सगळे चाळीतून खाली धावले होते, हे तिने आम्हाला कितीदा तरी सांगितलंय. युद्धाची सेन्सॉरशिप होती, त्यामुळे पेपरात लगेच काही आलंच नाही. आग विझवायला गेलेले ६६ फायरमन परत आले नाहीत. डॉकमध्ये असं सहज जाता येत नाही, पण मुख्यालयातल्या स्मारकासाठी आम्ही गेटवर विचारलं तर ड्युटीवरच्या जवानाने नीट चौकशी करून आत सोडलं, सोबतही आला. त्याला सगळं माहीत होतं, किती वाजता आग दिसली, किती पंप गेले, आणि तो सांगत असताना मला एक्सरचा दगडच आठवत होता, लढताना गेलेल्यांसाठी आपण हजार वर्षांपूर्वी दगड उभा करत होतो आणि आजही करतो.

तो म्हणाला दरवर्षी १४ एप्रिलला इथे मानवंदना असते, देशभरातला अग्निशमन सेवा सप्ताहही त्याच दिवशी सुरू होतो. बाबांनी तिथल्या तिथे विचारून घेतलं की बाहेरच्या लोकांनी आलं तर चालेल का, कारण त्यांना आत्यालाही आणायचंय. अर्नाळा आणि कुलाब्याचं १९४६ च्या नौदल उठावाचं स्मारक अजून राहिलंय, अर्नाळ्याला होडीने जावं लागतं म्हणून पावसाळा संपला की काढू.