आमची वाटचाल : माती परीक्षणापासून जुन्या धरणांपर्यंत

हिंगणा मार्गावरच्या दोन खोल्यांत आम्ही माती परीक्षणाची प्रयोगशाळा थाटली, तेव्हा येणारी बहुतेक कामे घरबांधणीची होती. नागपूरची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे पाया किती खोल घ्यावा, हे विचारणाऱ्यांची कधी वानवा पडली नाही. धरणांकडे मात्र आम्ही वळलो ते विदर्भातल्याच एका नगरपरिषदेच्या पत्रामुळे.

त्या गावाला पिण्याचे पाणी पुरवणारे धरण मातीचे, जुने, आणि सांडवा व विमोचक (धरणातून पाणी बाहेर सोडण्याची सोय) चुन्यातल्या दगडी बांधकामाचे होते. उंची दहा मीटरांना थोडी कमी; म्हणजे पंधरा मीटरांहून उंच आणि दहा ते पंधरा मीटरांमधल्या काही ठरावीक धरणांना लागू होणाऱ्या 2021 च्या धरण सुरक्षा कायद्यातही ते बसत नाही. पायथ्याशी, विमोचकाच्या मोरीलगत, ओल दिसत होती. अंदाजपत्रकात सिमेंटची पोती आधीच मोजलेली होती : भरावात भोके पाडायची आणि दाबाने ग्राउट, म्हणजे सिमेंटचे पातळ मिश्रण, भरायचे. आम्ही नकार दिला. चिकणमातीच्या गाभ्यात दाब जरा वाढला की ग्राउट माती फाडून वाट काढतो, आणि जिथे भेग नव्हती तिथे ती पडते. त्याऐवजी आम्ही केवळ मोजमापासाठी एक पावसाळा मागितला, तेव्हा काम हातचे जाता जाता राहिले. पोत्यांचे पैसे द्यायला कोणाची हरकत नसते; पाहण्याचे पैसे मागितले की मात्र भुवया उंचावतात.

त्या पावसाळ्यात आम्ही गळतीच्या चरात नव्वद अंशांचा व्ही-नॉच, म्हणजे प्रवाह मोजायची व्ही आकाराची खाच, बसवला आणि भरावातल्या पाण्याची पातळी कळावी म्हणून तीन पीझोमीटर उतरवले. नोंदवही सांभाळायला धरणावरच्या वयस्क चौकीदाराला शिकवले. खाचेवरच्या पाण्याची उंची दुप्पट झाली की प्रवाह दुप्पट नव्हे, साडेपाच पटींहून अधिक वाढतो, हे त्यांना आमच्या नव्या अभियंत्यापेक्षा लवकर उमगले. ऑगस्टच्या अखेरीस, तलाव भरत आला असताना, त्यांचा फोन आला : “साहेब, पाणी गढूळ येऊन राह्यलं.” स्वच्छ पाणी झिरपणे हा मातीच्या धरणाचा स्वभाव आहे, गढूळ पाणी म्हणजे धरणाची माती वाहून जात आहे. आम्ही रातोरात वाळू, बारीक खडी आणि मोठी खडी अशा थरांची उलटी गाळणी त्या जागी रचली, जेणेकरून पाणी निघून जाईल पण माती अडेल, आणि नगरपरिषदेने तलावाची पातळी उतरवली.

दोष भरावाच्या पोटात नव्हता; दगडी मोरी आणि माती यांच्या सांध्यातून पाण्याने वाट केली होती. तलाव रिकामा करणे अशक्य होते, कारण गाव त्याच पाण्यावर जगत होते. मे महिन्यात पातळी तळाशी गेल्यावर तराफ्यावर पंप ठेवून पुरवठा चालू ठेवला, मोरीच्या आत लोखंडी नळ सरकवून मधल्या पोकळीत कमी दाबाने ग्राउट भरले, सांध्यालगतची माती उकरून नवी थराथराने दाबून बसवली आणि बाहेर पडण्याच्या टोकाला कायमची गाळणी बांधली. उतारावरची झाडे मुळांसकट काढावी लागली, कारण नुसती तोडली तर कुजलेली मुळेच पाण्याला नळ्या होतात. या कामाचे देयक चौदा महिने अडकले. त्या काळात दुसऱ्या हाताने घेतलेले ड्रिलिंग यंत्र आम्ही भाड्याने दिले आणि पगार काढले.

2019 च्या जुलैमध्ये रत्नागिरी जिल्ह्यातले तिवरे धरण फुटले, तेव्हा खेकड्यांना दोष देण्यात आला आणि राज्यभर त्याची चेष्टा झाली. खेकडे आणि घुशी बिळे करतात, हे आम्ही दर उन्हाळ्यात पाहतो. पण बीळ वेळेवर का दिसले नाही, हा प्रश्न चेष्टेत विरून गेला. पुढे 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलावाचे पाणी नागपुरात शिरले आणि जुन्या तलावांकडे पाहण्याची निकड शहराच्या दारापर्यंत आली. आमच्याकडे विचारणा वाढल्या. आता आम्ही अकरा जण आहोत.

आजही प्रत्येक नव्या कामात पहिले देयक व्ही-नॉच आणि नोंदवहीचेच असते, आणि ते नको असेल तर आम्ही काम घेत नाही. या अटीमुळे गेल्या वर्षी दोन निविदा सोडल्या. त्या पहिल्या धरणाचे चौकीदार काका निवृत्त झाले असून नोंदवही आता त्यांचा पुतण्या भरतो; पावसाळ्यात दर सोमवारी खाचेवरच्या पाण्याचा आकडा आमच्या फोनवर येतो, आणि त्यापुढे तो न चुकता एकच शब्द लिहितो : स्वच्छ.