दूझेचे हात

आज इटालियन रंगभूमीवरची अभिनेत्री एलेओनोरा दूझेचा ‘चेनेरे’ पुन्हा पाहिला. १९१६ चा मूकपट, तिचा एकमेव. १९०९ मध्ये रंगभूमी सोडलेली, वय साठीकडे झुकलेलं, केस पांढरे ते पांढरेच. क्लोजअप तिला नकोच होते. चेहरा बराच वेळ सावलीत, नाहीतर पाठमोरी. म्हणून अभिनय हातांत शोधायचा.

घोळ होतो तो वेगाचा. सेकंदाला १६ फ्रेमनी घेतलेलं दृश्य २४ नं चालवलं की मिनिटाचा प्रसंग ४० सेकंदांत उरकतो, आणि रेंगाळणारा हात झटकल्यासारखा दिसतो. माणसं तुरुतुरु चालताना दिसली तर प्लेअरचा वेग ०.७५ वर आणा. मागे चिकटवलेला पियानो? खुशाल बंद करा. १९२१ मध्ये ती नाटकात परतली, सिनेमात नाही.